तळटीप : ‘सांत्वन’

* सांत्वन : हा शब्द इथे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातल्या (१:३-४) अर्थाने घ्यावा. संकटात देवाकडून मिळालेला धीर दुसऱ्या पीडितापर्यंत पोचवायचा असतो, असा पौलाचा आशय आहे. नुसती समजूत घालणे, हा अर्थ अपुरा पडतो. पंडिता रमाबाईंचे आयुष्य हे या वचनावरचे मला ठाऊक असलेले सर्वांत सच्चे भाष्य. दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईवडील गेले, बहीण गेली. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून त्यांनी आणि भावाने वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली पाहून त्यांना आपलीच भूक आठवली आणि शेकडोंना त्यांनी आसरा दिला. त्या मुलींसाठीच केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. दुष्काळ देवाने धडा शिकवायला पाठवला, असे मात्र वाचकाने यातून काढू नये. पौल इथे तसे म्हणत नाही. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तेव्हा ते पुरे झालेले होते.