२१ डिसेंबर १८२५ : फाँटहिलचा मनोरा कोसळला

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील फाँटहिल ॲबी या अवाढव्य वाड्याचा मनोरा २१ डिसेंबर १८२५ रोजी कोसळला. नावात ‘ॲबी’ म्हणजे मठ असला तरी तिथे साधुसंत कधी राहिले नव्हते. ‘वाथेक’ या कादंबरीचा लेखक विल्यम बेकफर्ड याची ती हौस होती. पैसा जमैकातील उसाच्या मळ्यांचा, म्हणजे तिथे राबणाऱ्या गुलामांच्या घामाचा. जेम्स वायट या नामांकित वास्तुकाराने १७९६ च्या सुमारास काम हाती घेतले. पण मालकाला घाई फार. शेकडो मजूर रात्रीसुद्धा मशालींच्या उजेडात राबत. ८० मीटरहून उंच मनोरा उभा राहिला, पण पाया त्या उंचीला साजेसा नव्हता. बांधकाम चालू असतानाही तो एकदा पडला होता.

साखरेचे उत्पन्न आटले, कर्ज वाढले, तेव्हा १८२२ मध्ये बेकफर्डने जहागीर विकली. घेणारा जॉन फार्कर हा बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंदुकीची दारू पुरवून गब्बर झालेला. म्हणजे आधी जमैकाचा पैसा, मग हिंदुस्थानचा! तीन वर्षांतच मनोरा ढासळला. सुदैवाने कुणी दगावले नाही. बेकफर्डला वाईट वाटले ते फक्त पडताना पाहायला न मिळाल्याचे, असे सांगतात. पुढे उरलेला बराचसा वाडाही पाडण्यात आला. आज उत्तरेकडचा एक छोटा भाग तेवढा शिल्लक आहे.