वसंतसंपात आणि आपले तीन ऋतू



दरवर्षी २०-२१ मार्चला वसंतसंपात येतो. त्या दिवशी सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, बरोबर पश्चिमेला मावळतो आणि दिवस-रात्र जवळजवळ सारखे होतात. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून हे घडते. त्यात शुभ-अशुभ काही नाही.

पोथीत सहा ऋतू आहेत आणि चैत्र-वैशाखाला वसंत म्हटले आहे. पण आजऱ्याच्या शिवारात आपली म्हातारी माणसं "वसंत आला" असं कधी म्हणतात का? ती म्हणतात, शिमगा झाला, काजूच्या बिया पडायला लागल्या, पालवी फुटली, ऊन चढलं. त्यांचे ऋतू तीनच: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. असं बोलणाऱ्याला शिकलेले लोक अडाणी समजतात. सूतगिरणीत पाळ्या करता करता आम्ही जे थोडेफार वाचले, त्यातून आम्हांला वेगळेच दिसले.

पाली विनयातही वर्ष तीन ऋतूंचे आहे. गिम्ह, वस्सान, हेमंत, प्रत्येकी चार महिने. भिक्खूंचा वर्षावास याच वस्सानातला. नाशिकच्या लेणी क्रमांक ३ मध्ये सातवाहन राजा पुळुमावीच्या १९ व्या वर्षाचा शिलालेख आहे. त्यात तिथी दिली आहे ती उन्हाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्याचा १३ वा दिवस अशी. आपल्या हिशेबाने ती चैत्र शुद्ध त्रयोदशी होते. म्हणजे ऐन वसंतातला दिवस, पण दगडावर कोरला तो उन्हाळा म्हणून! सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा हिशेब आपल्या आज्या-आजोबांच्या तोंडी अजून आहे. मग अडाणी कोण?

स्वतंत्र भारताने डॉ. मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी, १ चैत्रला सुरू होते. पंचांगातली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते, पण उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच लागलेले असते. हा फरक साहांनी आकडेमोडीने दाखवला.

याच दिवसांत, मार्च १९२० मध्ये आपल्या कोल्हापूर संस्थानातल्या माणगावला परिषद झाली. शाहू महाराजांनी तिथे बाबासाहेबांना पुढारी म्हणून गौरवले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तारखा जवळ आल्या हा योगायोग. तो दिवस मोठा झाला तो माणसांच्या धैर्याने. कुणी मुहूर्त काढून दिला नव्हता.

म्हणून पोरांना सहा ऋतू जरूर शिकवा, पण घरातले तीनही सांगा, आणि ते कुठल्या दगडावर कोरलेत तेही सांगा.

जयभीम!