जोशींच्या वाढदिवसापासून नकोशा जाहिरातींपर्यंत

संगणकावर न बोलावलेला पाहुणा येऊन बसतो, ही तक्रार आंतरजालाच्या आधीची आहे. जून १९९० मध्ये भारतात एक संगणक-विषाणू आढळला. जगभर तो ‘जोशी’ याच नावाने ओळखला गेला. ५ जानेवारी उजाडली की बाधित संगणक अडून बसे आणि पडद्यावर ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकण्याची आज्ञा येई. मुकाट्याने तेवढे टंकले की काम पुढे सुरू!

गंमत सोडली तर जोशी हुशार होता. फ्लॉपीच्या आणि हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वप्रथम वाचल्या जाणाऱ्या जागी, तो ठाण मांडी. तो स्मृतीत असताना तो कप्पा वाचायला जावे, तर मूळचा निर्दोष मजकूर पुढे करी. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी तो स्मृतीत टिकून राही. म्हणून उपाय एकच होता: वीज पूर्ण बंद करायची आणि खाचेवर पट्टी चिकटवलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा. बाधित यंत्रालाच ‘तुला काही झाले आहे का?’ असे विचारण्यात अर्थ नसतो.

अशा विषाणूंनी पुण्यात एक धंदा उभा केला. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर कॅलक्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळले. दुरुस्तीला येणारी अनेक यंत्रे विषाणूंनी बिघडलेली असत. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय त्यासाठी आज्ञावल्या लिहू लागले. त्यातून १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले.

जोशीच्या कर्त्याला त्यातून पैसा मिळण्याची काही सोय दिसत नव्हती. पुढच्या पिढीचे गणित निराळे होते. ‘गेटर’ नावाची आज्ञावली अर्ज भरायला आणि संकेतशब्द लक्षात ठेवायला फुकट मदत करी. मोबदल्यात तुम्ही काय पाहता यावर नजर ठेवून जाहिराती दाखवी. तिच्या कंपनीने २००३ मध्ये ‘क्लारिया’ असे नाव घेतले. तिचे म्हणणे असे, की वापरणाऱ्याने संमती दिली होती. दिली होती खरी, पण लांबलचक मजकुराखालचे ‘पुढे’ हे बटण दाबून. माझ्या मते विषाणू आणि जाहिरातखोर आज्ञावली यांतला खरा फरक एवढाच आहे. वागणूक पुष्कळदा सारखीच.

जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या संस्थेने ‘फायरबॉल’ची बातमी दिली. फुकट आज्ञावल्यांच्या जोडीने शिरून ती ब्राउझरचे मुखपृष्ठ आणि शोधयंत्र बदलून टाकी. संस्थेच्या अंदाजाने जगात २५ कोटी संगणक बाधित होते, त्यांपैकी सुमारे अडीच कोटी भारतात. मायक्रोसॉफ्टने मात्र हा आकडा फुगवलेला असल्याचे म्हटले.

आता उंबरमाळीच्या एखाद्या शिक्षकाच्या घरचा संगणक घ्या. मुखपृष्ठ बदलले आहे, जाहिराती उसळत आहेत. तो दुरुस्तीला शहापूरला न्यावा, तर ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर ठरलेले. त्यात मुलांच्या गुणांची कोष्टकेही पुसली जायची. ती आधी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावीत. बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजही नसते. पुष्कळ जण आधी मुखपृष्ठ दुरुस्त करतात, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बिघडते, कारण बिघडवणारी आज्ञावली शाबूत असते. क्रम उलटा हवा. विंडोज ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावे, म्हणजे सोबत उठणाऱ्या बहुतेक उपऱ्या आज्ञावल्या झोपलेल्याच राहतात, स्वच्छ फ्लॉपीचीच ही धाकटी बहीण. तेथे बसवलेल्या आज्ञावल्यांची यादी तारखेनुसार लावावी आणि त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेल्या अनोळखी काढाव्यात. नंतर ब्राउझरमधली अनोळखी ‘एक्स्टेन्शन’ काढावीत. मुखपृष्ठाची पाळी शेवटी.

पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या ‘तुमचा संगणक बाधित आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशा सूचनांमागे पुष्कळदा कोणतीच आज्ञावली नसते. केव्हातरी एखाद्या संकेतस्थळाने सूचना पाठवू का असे विचारले आणि आपण ‘अलाऊ’ दाबले, एवढेच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन’ या सदराखाली त्या संकेतस्थळांची यादी असते. तेथून अनोळखी नाव काढले की सूचना थांबतात. त्या क्रमांकावर मात्र फोन करू नये.