नवा ग्रंथ आणि त्याची जोखीम

पुण्याच्या नारायण पेठेंतून अप्पा बळवंत चौकाकडे निघालेल्या माणसास पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते. जून महिन्यांत तेथें पाऊल ठेवावयास जागा नसते. शाळेचीं क्रमिक पुस्तकें आणि वह्या यांची जी विक्री त्या दिवसांत होते, तिच्यावर कित्येक दुकानांचें वर्ष निभावतें. जन्मभर शाळेंत शिकविण्याचें काम केलेल्या माझ्यासारख्या माणसास ही गर्दी चांगलीच परिचयाची आहे. परंतु त्याच दुकानांतील एखाद्या फळीवर नव्या लेखकाची पहिली कादंबरी, किंवा कोणीं तरी दहा वर्षें खपून लिहिलेला इतिहासग्रंथ उभा असतो, आणि त्याच्याकडे वळणारा हात क्वचितच दिसतो. त्या फळीवरच्या पुस्तकाचा विचार आज करावयाचा आहे. असें पुस्तक छापण्याची जोखीम आपल्या महाराष्ट्रांत आजवर कोणीं कोणीं उचलली, आणि ती उचलतांना काय काय घडलें, हा प्रश्न आहे.

प्रथम या जोखमीचें स्वरूप पाहूं. गुळाचा व्यापारी बाजार पाहून माल थोडा थोडा मागवितो. भाव पडला तरी गूळ गूळच राहतो. पुस्तकाचें तसें नाहीं. खिळे जुळवून छापण्याच्या काळांत एक प्रत काढावयाची असली काय किंवा हजार प्रती काढावयाच्या असल्या काय, खिळे जुळविण्याची मजुरी तेवढीच पडे. म्हणून प्रत स्वस्त पडावी अशी इच्छा असेल तर प्रती पुष्कळ काढाव्या लागत, आणि पुष्कळ काढल्या म्हणजे कागदाचा व बांधणीचा सारा पैसा विक्रीच्या आधींच अडकून पडे. शिवाय जुन्या पुस्तकाचें गिऱ्हाईक ठरलेलें असतें. नव्याचें गिऱ्हाईक अद्यापि निर्माणच व्हावयाचें असतें. तें निर्माण झालें नाहीं तर छापलेल्या कागदाला रद्दीचा भाव येतो. यंत्रें पालटलीं, खिळे गेले, तरी या व्यवहाराचें मर्म फारसें पालटलेलें नाहीं.

या अडचणींतून पहिली वाट काढली ती मुंबईच्या छापखानेवाल्यांनीं. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केलें. छापील अक्षराला त्या वेळीं सोवळ्याओवळ्याची अडचण होती. शाईंत चरबी असते म्हणून धार्मिक वृत्तीचे लोक छापील पोथी हातीं धरीत नसत. गणपत कृष्णाजींनीं तुपाची शाई वापरून तो आक्षेप दूर केला. पुढें जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हां त्यांचाही भर पंचांगावर होता. पंचांगाची मौज अशी कीं तें दरवर्षीं जुनें होतें आणि दरवर्षीं घरोघर नवें लागतें. असा खात्रीचा धंदा पाठीशीं होता म्हणूनच निर्णयसागराला १८८६ पासून ‘काव्यमाले’सारखा, थोड्याच विद्वानांच्या उपयोगाचा, संस्कृत काव्यग्रंथांचा उपक्रम चालवितां आला. खपणाऱ्या मालानें न खपणाऱ्याचा भार वाहावा, ही ती पहिली वाट होय.

दुसरी वाट राजाश्रयाची. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास शास्त्रीपंडितांना दक्षिणा वांटीत असत. राज्य गेल्यावर एल्फिन्स्टननें ती प्रथा अगदीं बंद न करतां तिचा कांहीं पैसा विद्येकडे वळविला. विश्रामबागवाड्यांतील १८२१ ची संस्कृत पाठशाळा ही त्यांतूनच निघाली. पुढें सुधारणेच्या बाजूच्या मंडळींनीं दक्षिणेचा एक भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाकडे द्यावा अशी मागणी केली, आणि १८५१ च्या सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. या कमिटीच्या बक्षिसांमुळें कितीएक पुस्तकें व भाषांतरें बाहेर आलीं हें नाकारतां येणार नाहीं. लेखकाला छपाईच्या खर्चाची धास्ती नको, सरकारनें ती पत्करावी, ही कल्पना चांगलीच होती.

परंतु जो जोखीम घेतो तो निवडही करतो. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें नाटक लिहून याच कमिटीकडे पाठविलें. भोळ्या कुणब्याला धर्माच्या नांवानें कसें लुबाडलें जातें आणि विद्या हाच त्यावर उपाय कसा, हें त्या नाटकाचें सार. कमिटीनें तें पसंत केलें नाहीं. फुल्यांनीं ही हकीकत स्वतः १८७३ च्या ‘गुलामगिरी’ग्रंथांत नमूद केली आहे. तें नाटक छापून लोकांसमोर यावयास १९७९ साल उजाडावें लागलें. सवाशें वर्षांच्या या विलंबांत किती वाचक आले आणि गेले! नवें पुस्तक न खपल्यानें जें नुकसान होतें तें प्रकाशकाच्या वहींत दिसतें. नवें पुस्तक न छापल्यानें जें नुकसान होतें तें कोणाच्याच वहींत दिसत नाहीं. राजाश्रयाचा विचार करतांना ही दुसरी बाजू विसरून चालणार नाहीं.

तिसरी वाट पुण्यांतच रुंद झाली. ती म्हणजे वर्गणीदारांची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं जानेवारी १८७४ मध्यें ‘निबंधमाला’ सुरू केली, आणि तिचे ८४ अंक निघाले. शास्त्रीबोवांनीं तेच निबंध एकदम जाड ग्रंथरूपानें काढले असते तर तो ग्रंथ कोणीं घेतला असता? महिन्याच्या महिन्यास थोडें थोडें वाचून वाचकाला गोडी लागली, लेखकाला आपला वाचक कोण तें कळलें, आणि खर्चही हप्त्यानें झाला. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्या साह्यानें १८७८ सालीं निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’नें हीच पद्धत जुन्या बखरी, पत्रें आणि काव्यें यांना लावली. जुन्या दप्तरांतील कागद विकत घेईल असें गिऱ्हाईक बाजारांत नव्हतें. तें मासिकानें तयार केलें.

कादंबरीचेंही तसेंच झालें. हरि नारायण आपट्यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र काढलें आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांतून क्रमशः वाचकांच्या हातीं दिली. बालविवाह व केशवपन यांविषयींचें तें दुःख एकदम पुस्तकरूपानें आलें असतें तर कित्येक घरांच्या उंबऱ्यावरच थबकलें असतें. पत्रांतून तें आठवड्याच्या आठवड्यास, इतर करमणुकीच्या मजकुराबरोबर, माजघरांत शिरलें. उलट बाजू पाहावयाची तर केशवसुतांची पाहावी. त्यांच्या कविता नियतकालिकांतून येत होत्या. परंतु १९०५ सालीं ते वारले तेव्हां त्यांच्या नांवावर एकही काव्यसंग्रह निघालेला नव्हता. आधुनिक मराठी कवितेचा जनक ज्याला आपण म्हणतों, त्याच्या कवितांचें पुस्तक त्याला डोळ्यांनीं पाहावयास मिळालें नाहीं.

वर्गणीदारांच्या वाटेचें सर्वांत ठळक फळ नारायण पेठेंतच पाहावयास मिळतें. ‘केसरी’ निघाला तो ४ जानेवारी १८८१ रोजीं. पुढच्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर यांना मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. म्हणजे नव्या पत्राची जोखीम केवळ पैशाचीच नव्हती. १९०५ सालीं टिळकांनीं नारायण पेठेंतील गायकवाडवाडा विकत घेतला. तोच आजचा केसरीवाडा. मंडालेच्या तुरुंगांत पेन्सिलीनें लिहिलेलें ‘गीतारहस्य’ १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. वेदान्तासारखा कठीण विषय आणि ग्रंथ चांगला जाडजूड. तरी पहिल्या आवृत्तीच्या ६००० प्रती आठवड्याभरांत संपल्या. हा चमत्कार एका आठवड्याचा नव्हे. चौतीस वर्षें दर आठवड्यास ज्या वाचकाशीं ‘केसरी’ बोलत आला होता, तो वाचक त्या दिवशीं ग्रंथ घ्यावयास पुढें आला. बीं पेरलें १८८१ सालीं आणि पीक पदरीं पडलें १९१५ सालीं, असा तो हिशेब आहे.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा प्रयोग याहूनही धाडसाचा. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठीं त्यांनीं नागपुरास भागभांडवलाची मंडळी काढली, गांवोगांव हिंडून ग्राहक मिळविले, पुढें काम पुण्यास आणलें आणि १९२० पासून एकामागून एक असे २३ खंड बाहेर काढले. ग्रंथ लिहून होण्यापूर्वींच त्याचे भाग विकावयाचे, म्हणजे वाचकालाच धंद्यांतला भागीदार करावयाचें! असल्या प्रचंड कामांत कोणत्या अडचणी येतात तें सांगणारा वृत्तान्त त्यांनीं स्वतः लिहून ठेवला आहे. तो आजही उद्योगेच्छु तरुणांनीं वाचण्यासारखा आहे.

ही कहाणी पुस्तकांपुरतीच आहे असें मात्र नाहीं. आपलीं नातवंडें ज्या व्हिडिओ गेममध्यें दंग असतात, त्यांच्या धंद्याचीही तीच गत आहे. १९८२ सालीं अमेरिकेंत अटारी कंपनीनें एका गाजलेल्या चित्रपटावरून ‘ई.टी.’ नांवाचा खेळ काढला. तो नाताळच्या आधीं बाजारांत यावा म्हणून सुमारें पांच आठवड्यांत उरकला, आणि प्रती मात्र लाखोंनीं काढल्या. निम्म्याहून अधिक पडून राहिल्या. पुढच्या वर्षीं न खपलेला माल न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवाजवळ पुरून टाकण्यांत आला. २०१४ सालीं लोकांनीं तो उकरून पाहिला. कंपनीनें भरंवसा ठेवला होता चित्रपटाच्या नांवावर. खेळ चांगला करावयास वेळ दिला नव्हता. आजही मोठे खेळप्रकाशक खपलेल्या खेळाचाच दुसरा, तिसरा, चौथा भाग काढतात आणि नव्या कल्पनेला हात लावण्यास कचरतात. आपल्या छापखानेवाल्यांचें पंचांग तें हेंच. फक्त या पंचांगाच्या नफ्यावर ‘काव्यमाला’ निघतेच असें नाहीं.

या नव्या धंद्यांत पुणेंही उतरलें आहे. येथील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें ‘राजी’ हा खेळ रचला. हरवलेल्या भावाच्या शोधांत निघालेल्या, देवीचा वरदहस्त लाभलेल्या मुलीची ती कथा आहे. २०१७ सालीं त्यांनीं इंटरनेटवर आगाऊ वर्गणी जमविण्याची खटपट केली. ठरविलेला आकडा पुरा झाला नाहीं, म्हणून ती फसली. तरी काम सोडलें नाहीं, आणि २०२० सालीं खेळ बाहेर येऊन पदार्पणाच्या कृतींसाठीं असलेल्या एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकाच्या यादींत त्याचें नांव लागलें. केतकर ग्राहक मिळवीत दारोदार हिंडले, हे पडद्यावरून हिंडले, मार्ग एकच.

या तिन्ही वाटांचें तारतम्य आतां सहज ध्यानांत येईल. पंचांगाच्या नफ्यावर नवा ग्रंथ निघूं शकतो, परंतु तो मालकाच्या इच्छेवर. राजाश्रय मिळाला तर उत्तम, परंतु तेथें ‘तृतीय रत्न’ दाराबाहेर राहतें. वर्गणीदाराची वाट सर्वांत लांबची आणि कष्टाची. पण तिच्यावर लेखकाला कोणाची मर्जी राखावी लागत नाहीं, लागतो तो केवळ वाचकाचा विश्वास. तो विश्वास एका दिवसांत उत्पन्न होत नाहीं, हें ‘केसरी’च्या चौतीस वर्षांवरून दिसलेंच.

मग आपल्यासारख्या घरांनीं काय करावें? १८४८ सालीं स्थापन झालेल्या पुणें नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांनीं एक प्रत घेतली म्हणजे ती शेंकडों घरें फिरून येते. तेथें वर्गणी भरणें आणि नव्या पुस्तकाची मागणी नोंदविणें हें अगदीं थोड्या खर्चाचें काम आहे. शिवाय जूनमध्यें मुलांचीं पुस्तकें घ्यावयास त्या चौकांत गेलों म्हणजे दोन पावलें पुढें जाऊन त्या फळीपाशीं थांबावें आणि ज्याचें नांव आपण ऐकलेलें नाहीं अशा एका लेखकाचें पुस्तक चाळून, बरें वाटल्यास विकत घ्यावें. कधीं तें निकृष्ट निघेल. तेवढा तोटा पूर्वींच्या वर्गणीदारांनींही सोसला होता, आणि त्यांनीं तो सोसला म्हणून आज आपल्यापाशीं ‘निबंधमाला’ आहे.