इंडक्शन शेगडी घेताय? आधी घरातला बोर्ड तपासा, मग भांडी

सिलिंडर संपलाय आणि गॅसची गाडी गावात यायला अजून दोन-तीन दिवस आहेत. अशा वेळी इंडक्शन शेगडीचा मोठा आधार होतो. चहा, दूध, भात, भाजी सगळं होतं, धूर नाही की जाळ नाही. पण जाळ दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. शेगडी नवी कोरी असली तरी घरातली वायरिंग जुनी असेल, तर धोका तिथेच आहे.

शेगडी चालते कशी?
काचेखाली तांब्याच्या तारेची कॉइल असते. वीज सुरू झाली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्याने थेट भांड्याचं बूड तापतं. काच तापते ती भांड्याच्या उष्णतेने. म्हणून भांडं उतरवल्यावर लगेच काचेला हात लावू नका. लहान मुलांना तर आधीच सांगून ठेवा.

कोणता बोर्ड लागतो?
2000 वॅटची शेगडी पूर्ण ताकदीवर सुमारे 9 अँपिअर वीज ओढते. मोबाईल चार्जर, टीव्ही लावतो तो छोटा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. त्यावर शेगडी चालवली की सॉकेट तापतो, काळा पडतो, प्लास्टिक वितळून आगही लागू शकते. त्यामुळे :
- मोठ्या पिनचा 16 अँपिअरचा सॉकेट वायरमनकडून बसवून घ्या. त्याची वायर निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची हवी.
- एक्स्टेंशन बोर्ड, मल्टिप्लग किंवा मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवायचा कन्व्हर्टर वापरू नका.
- अर्थिंग चालू आहे का ते तपासून घ्या. भांड्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर शेगडी लगेच बंद करा आणि वायरमनला बोलवा. ओल्या हाताने बटण दाबू नका, स्वयंपाक करताना पायात चप्पल असू द्या.
- वीज बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तो एकदा बघा. 2000 वॅट म्हणजे 2 किलोवॅट. शेगडी, गिझर आणि पाण्याची मोटर एकाच वेळी लावू नका.
- घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ही शेगडी चालत नाही.

भांडी कोणती चालतात?
फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक घ्या आणि भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. लोखंडी आणि बिडाची भांडी चालतात. स्टीलची काही चालतात, काही नाही. जर्मनची, तांब्याची, पितळेची साधी भांडी चालत नाहीत. जर्मनचा कुकर असेल तर तो इंडक्शन बुडाचा आहे का ते बघा. बूड सपाट हवं. आपला खोलगट तवा काचेला नीट टेकत नाही, म्हणून भाकरीसाठी सपाट लोखंडी तवा घ्या. भाकरी आचेवर शेकता येत नाही. ती तव्यावरच फडक्याने हलके दाबून फुगवावी लागते. जड तवा काचेवर ओढू नका, उचलून ठेवा.

बिल किती येईल?
1000 वॅटवर एक तास चालवली की 1 युनिट. रोज एक तास सरासरी 1200 वॅटवर चालवली तर महिन्याला 36 युनिट होतात. घरगुती बिलात 100 युनिटच्या पुढे दर वाढतो. आत्ता तुमचा वापर 80 युनिट असेल तर तो 116 होईल आणि वरच्या 16 युनिटला जास्त दर लागेल. म्हणून उकळी आली की वॅट कमी करा आणि झाकण ठेवा.

निगा कशी राखायची?
- शेगडीच्या खाली आणि मागे हवा जायला जाळी असते. भिंतीपासून चार बोटं तरी लांब ठेवा. खाली कागद, कापड घालू नका. गॅसच्या शेगडीवर किंवा चुलीजवळ तर अजिबात ठेवू नका.
- स्वयंपाक झाल्यावर आतला पंखा थोडा वेळ फिरतो. तो थांबल्यावरच भिंतीवरचं बटण बंद करा.
- रिकामं भांडं ठेवून शेगडी चालू करू नका. फोडणीचं तेल फार पटकन तापतं, आधी कमी वॅटवर ठेवा.
- गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. तारेची घासणी नको, वरून पाणी ओतायचं नाही.
- आत झुरळं, मुंग्या शिरतात, म्हणून सांडलेलं लगेच पुसून घ्या.
- व्होल्टेज कमी-जास्त होत असेल किंवा विजा कडाडत असतील तर पिन काढून ठेवा.
- काचेला बारीक तडा गेला तरी वापर थांबवा. तड्यातून पाणी आत गेलं तर शॉक बसू शकतो.

घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल, तर शेगडी आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि एक, वीज गेली की ही शेगडीही बंद. म्हणून गॅस किंवा चूल मोडीत काढू नका. आज घरी गेल्यावर एवढं करा : दहा मिनिटं शेगडी चालवा, बंद करून पिन काढा आणि पिनेला वरून हात लावून बघा. चटका बसण्याइतकी तापली असेल, तर वायरमन येईपर्यंत शेगडी लावू नका.