रोहिणीविस्फारावरील अंतर्वाहिनी उपचारानंतरच्या मेंदूतील रक्तन्यूनताजन्य इजा

मेंदूतील रोहिणीच्या कमकुवत भिंतीला आलेला फुगवटा (अन्युरिझम) वाहिनीच्या आतूनच बंद केल्यावर, एखाद्या बारीक शाखेचा रक्तपुरवठा तुटून मेंदूत उमटणारे लहान डाग. या उपचारात जांघेतील किंवा मनगटातील रोहिणीतून कॅथेटर वर नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमच्या कॉइल भरतात. हव्या त्या क्षणी विजेच्या प्रवाहाने सुटणारी कॉइल ग्विदो गुल्येल्मी यांनी रुग्णांत प्रथम 1990 साली वापरली. कॅथेटरवर किंवा कॉइलवर जमलेली गुठळी, हवेचे बुडबुडे, साधनांवरील लेपाचे सुटलेले कण, यांपैकी काहीही पुढे वाहत जाऊन शाखा बुजवू शकते. म्हणूनच उपचारादरम्यान गुठळी रोखणारे हेपारिन दिले जाते आणि वाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) बसवायचा असल्यास अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही गुठळीरोधक औषधे आधीपासून सुरू करतात. एवढे करूनही, उपचारानंतर विसरण-एमआरआय (ताजी रक्तन्यूनताजन्य इजा दाखवणारे चित्रण) केलेल्या अनेक पाहण्यांत निम्म्याच्या आसपास रुग्णांत नवे डाग आढळले. बहुतेकांना लक्षण मात्र काहीच नव्हते.

अशा डागांना ‘मूक’ म्हणून बाजूला सारण्याची प्रथा टिकणारी नाही. लक्षण दिसते की नाही हे डागाच्या आकाराइतकेच त्याच्या जागेवर ठरते: हालचालीच्या मज्जामार्गावरचा काही मिलिमीटरचा डाग हात लुळा पाडतो, तोच ललाटखंडाच्या श्वेतद्रव्यात पडला तर खाटेजवळच्या तपासणीत कळतही नाही, कारण ती तपासणी ताकद, वाचा आणि दृष्टी पाहते, अवधान किंवा विचारांचा वेग सहसा पाहत नाही. रॉटरडॅममधील वृद्धांच्या पाहणीत (2003) मूक इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मृत झालेला मेंदूचा भाग) असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. यावर रास्त आक्षेप असा की, त्या वृद्धांच्या वाहिन्या वर्षानुवर्षे झिजत होत्या, तर येथे इजा एकाच दिवसाची असते. शिवाय विसरण-एमआरआयवरचे काही डाग पुढच्या चित्रणात सापडतही नाहीत. आक्षेप मान्य करावाच लागतो. त्या धोक्याचा आकडा उचलून येथे लावता येत नाही. पण त्यावरून इजा निरुपद्रवी ठरते, हेही सिद्ध होत नाही. फुगवटा आधीच फुटलेल्या रुग्णात गुंता आणखी वाढतो. रक्तस्रावामुळे व नंतरच्या वाहिनी-आकुंचनामुळेही असेच डाग पडतात, त्यामुळे उपचारापूर्वीचे चित्रण हाती नसेल तर दोष कॉइलवर टाकणे अन्यायाचे होते.

उपचारच टाळावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. फुटलेल्या फुगवट्यांच्या 2143 रुग्णांवरील ‘आयसॅट’ चाचणीत (2002) वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण कॉइल गटात 23.7 टक्के, तर कवटी उघडून क्लिप लावलेल्या गटात 30.6 टक्के होते. डागांचा खरा उपयोग तंत्राची पारख करण्यात आहे. लक्षणे असलेला पक्षाघात तुलनेने विरळा, त्यामुळे एखादे कॅथेटर किंवा औषधयोजना सरस आहे का, हे त्यावरून ठरवायला प्रचंड संख्येने रुग्ण लागतील. डाग मोजले तर थोड्या रुग्णांतही फरक कळतो. 185 रुग्णांच्या ‘इनॅक्ट’ चाचणीत (2012) एनए-1 या चेतासंरक्षक औषधाने डागांची संख्या घटली, पण त्यांचे एकूण आकारमान घटले नाही. तेच औषध पुढे तीव्र पक्षाघाताच्या 1105 रुग्णांत तपासले (2020), तेव्हा एकंदर लाभ दिसला नाही. तो रोग वेगळा आणि तेथील काही रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषधही दिलेले, हे खरे. तरीही डाग कमी झाले म्हणजे रुग्ण सुधारला, असे समीकरण मांडता येत नाही, हे त्यातून दिसते. किती कण सुटले, याची डागांची संख्या चांगली साक्ष देते; रुग्णाचे काय झाले हे ठरवायला उपचारापूर्वी आणि काही महिन्यांनी केलेली बोधनक्षमतेची चाचणीच हवी.