उपयोजित गणित : शिक्षण व व्यवसाय (बुलढाणा जिल्हा)

निसर्ग, यंत्रे व व्यवहार यांतील प्रश्न समीकरणांत मांडून सोडविणारी गणिताची शाखा. जिल्ह्याचे पारंपरिक उच्च शिक्षण संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या (स्थापना १९८३) कक्षेत येते. विकलक समीकरणे, संख्यात्मक विश्लेषण, संभाव्यता व संगणकीय आज्ञावली हे अभ्यासाचे मुख्य घटक होत.

या गणिताचे ठळक उदाहरण जिल्ह्यातच आहे. लोणारच्या सु. १.८ किमी. व्यासाच्या आघाती विवरातील खडकांत साठलेला अरगॉन वायू मोजतात व किरणोत्सारी ऱ्हासाच्या घातांकी समीकरणाने वय काढतात. या पद्धतीने ते सु. ५.७ लाख वर्षे येते.

पदवीधरांना विमागणन, बँकिंग, विदा-विश्लेषण, हवामान-प्रारूपे व संशोधन ही क्षेत्रे खुली असतात. विमागणकास स्वतंत्र व्यावसायिक परीक्षा द्याव्या लागतात. महाविद्यालयीन अध्यापनासाठी नेट व सेट या पात्रता परीक्षा आहेत.